लेकीच्या घरचं पाणी

पॅरिसहून येऊन दोन महिने झाले, तरी गल्लीतल्या बायका अजून येतात आणि तिथला तो लोखंडी मनोरा किती उंच आहे ते विचारतात. मी सांगते, उंच आहे. मी तो बसच्या काचेतून, लांबून पाहिला. बाकीचा बहुतेक वेळ मी आठ टेबलांच्या एका खानावळीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. इतक्या दूर जाऊन भिंत पाहून आलेली जळगावातली मी पहिलीच बाई असेन. पण जे पाहिलं तेच लिहायचं असतं, म्हणून त्या खानावळीबद्दलच लिहिते.

आमचं घर मारवाडी. दोन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं. कापडाचं दुकान आहे. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि लिहायला मराठी, असं आमचं चालतं. सरोज आमची एकुलती एक. अमळनेरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकली, शिष्यवृत्ती मिळवून पॅरिसला गेली आणि तिथे तिच्याच प्रयोगशाळेतल्या मिन्ह नावाच्या व्हिएतनामी मुलाशी तिनं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. आम्हाला कळलं ते पत्रातून, लग्न झाल्यावर. आमच्या ह्यांनी ते पत्र घडी घालून गादीखाली सरकवलं आणि त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, गाणी म्हणतात. दोन आखाज्या गेल्या. दोन्ही वेळा मी अंगणातल्या निंबाला झोका बांधला आणि दोन्ही वेळा त्यावर शेजारच्या लेकी बसल्या. तिसऱ्या वर्षी मी ठरवलं, ती येत नाही तर मी जाणार. सरोजनं तिकीट पाठवते म्हणून लिहिलं. लेकीच्या पैशानं लेकीकडे जायचं म्हणजे फारच झालं. मी माझ्या पाटल्या मोडल्या.

हे गादीवर बसूनच म्हणाले, "जायचं तर जा. पण तिच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नकोस."

"ते मला शिकवायला नको," मी म्हणाले.

खरंच नको होतं. ज्या घरी मुलगी दिली त्या घरचं अन्नपाणी आईबापानं घ्यायचं नाही, ही आमची रीत. दान दिलेल्यातून परत काही घेऊ नये, एवढंच त्यातलं मर्म. माझी आई चाळीसगावहून मला भेटायला यायची तेव्हा तहान लागली की शेजारच्या घरी जाऊन पाणी प्यायची. पापड लाटायला येणारी सखूबाई तेवढी माझ्या बाजूनं बोलली. "बाई, पोर ती पोरच शे. जा, भेटी या. बठ्ठा लोक काय म्हनतीन ते म्हनू द्या." आणि तिनं मला दोनशे खाखरे करून दिले.

खाखरे, दशम्या, शेव, तांब्या, छोटा पितळी स्टोव्ह आणि दुकानातलं पंचांग एवढं सामान झालं. लोणच्याची बरणी फुटू नये म्हणून कपाटात तळाशी पडलेलं ह्यांचं जुनं उपरणं तिला गुंडाळलं.

आखाजी

बरोबर आखाजीच्याच दिवशी मी पॅरिसला पोचले. वैशाख महिना, जळगावात अंडं उन्हात ठेवलं तर उकडेल, आणि इथे मी दोन स्वेटर घालून कुडकुडत होते. सरोज विमानतळावर आली होती. वाळली होती. गळ्यात पडली, मग दोघींनाही काय बोलावं ते सुचेना, म्हणून आम्ही सामानाबद्दल बोललो.

लेकीच्या घरी उतरायचं नाही म्हणून मी तिला आधीच कळवलं होतं. तिनं जवळच एका साध्या हॉटेलात वरच्या मजल्यावर खोली बघून ठेवली होती. तिथे पेटी ठेवली आणि आम्ही खानावळीत गेलो.

विद्यापीठामागच्या गल्लीत ती खानावळ होती. काचा आतल्या वाफेनं पांढऱ्या झालेल्या. आत लग्नातल्या हंड्याएवढं एक भांडं चुलीवर खदखदत होतं. मोठमोठ्या वाडग्यांत तांदळाच्या शेवया, वर तो उकळता रस्सा, असा एकच पदार्थ तिथे मिळायचा आणि तो खायला माणसं दाराबाहेर उभी राहायची. रश्श्यात मांस आहे हे मला वासावरूनच कळलं, ते गाईचं असतं हे सरोजनं सांगितलं. मी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. वर माडीवर मिन्हचं घर, खाली त्याच्या आईची खानावळ, म्हणजे हे सगळं लेकीचं सासरच झालं.

मिन्हनं वाकून नमस्कार केला. चष्मेवाला, लाजरा मुलगा. त्यानं दोन्ही हातांनी चहाचा पेला पुढे केला. मी हात जोडले आणि पेला घेतला नाही. तो तसाच वाकलेला राहिला, शेवटी सरोजनं त्याच्या हातातून पेला काढून घेतला.

मग आतून त्याची आई आली. तिचं नाव लान. मी तिला पहिल्या दिवसापासून लानबाईच म्हटलं. अंगानं काडी, केसांचा घट्ट अंबाडा, हाताच्या नसा वर आलेल्या. नवरा गेल्यावर लढाईतून मुलाला घेऊन ती सायगावहून निघाली आणि इथे येऊन तिनं ही चूल मांडली, एवढं मला सरोजनं पत्रातून कळवलं होतं. ती माझ्यासमोर बसली आणि पहिला प्रश्न विचारला, वय किती. मला राग आला.

"त्यांच्यात आधी वय विचारतात," सरोज म्हणाली. "थोरलं कोण, धाकटं कोण ते कळल्याशिवाय बोलता येत नाही."

"चोपन्न."

लानबाई बावन्न वर्षांची निघाली. तिनं माझ्यापुढे एक वाडगा ठेवला, त्यात नुसत्या शेवया आणि पाला, मांस नाही, रस्सा नाही. आपल्यापुढे दुसरा वाडगा ठेवला, त्यावर जेवायच्या काड्या आडव्या ठेवल्या आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली. मी हात जोडले. तिनं मान हलवली आणि बसूनच राहिली. तिच्या वाडग्यातली वाफ निघून गेली, वर चरबीचा पापुद्रा आला.

"ती का खात नाही?" मी सरोजला विचारलं.

"थोरल्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय धाकट्यांनी खायचं नाही. तू थोरली आहेस."

"तिला सांग, मी खाणार नाही. आमची रीत आहे."

सरोजनं सांगितलं. लानबाईंनी शांतपणे काहीतरी उत्तर दिलं. सरोज म्हणाली, "ती म्हणते, तिचीही रीत आहे."

मी उठून जाईपर्यंत ती तशीच बसली होती. आमच्याकडे ह्याला शेरास सव्वाशेर म्हणतात.

पंचमी

हॉटेलात स्वतः रांधून खायचं असा माझा बेत होता. रॉकेल मिळवण्यासाठी मी रंगाच्या दुकानात जाऊन हातवारे केले. दुकानदाराला आधी वाटलं मला भिंत रंगवायची आहे, नंतर वाटलं आग लावायची आहे. पण रॉकेल मिळालं. खोलीत खिचडी टाकली, लाल मिरचीची फोडणी दिली, आणि दोन मिनिटांत खालपासून वरपर्यंत सगळं हॉटेल खोकायला लागलं. मालकीण पदर नसल्यामुळे कोटाची बाही नाकाला लावून आली आणि माझा स्टोव्ह उचलून घेऊन गेली. तो मला जायच्या दिवशी परत मिळाला.

तेव्हापासून खाखरे, शेव आणि लोणचं. पाण्याची मात्र चांगली सोय झाली. कोपऱ्यावरच्या चौकात हिरव्या रंगाचा लोखंडी झरा होता, चार लोखंडी बायका डोक्यावर घुमट धरून उभ्या आणि त्यांच्या मधोमध पाण्याची धार. येणाराजाणारा कुणीही तिथे पाणी पिऊ शकतो. कुणा भल्या शेठानं गावासाठी बांधून दिला म्हणे. माझ्या सासऱ्यांनी बाजारात पाणपोई घातली होती, ती मला आठवली आणि त्या परक्या गावात पहिल्यांदा बरं वाटलं. रोज सकाळी तांब्या भरून घ्यायचा, तो पदराखाली धरून खानावळीत जायचं, असं माझं सुरू झालं.

सकाळी सरोज आणि मिन्ह प्रयोगशाळेत जात. दुपारी येऊन दोघं टेबलं पुसत, वाडगे पोचवत. एम.एस्सी. झालेली माझी मुलगी फडकं घेऊन फिरताना पाहून मला पहिल्यांदा वाईट वाटलं. मग आठवलं की मी लग्न होऊन आले तेव्हा मॅट्रिक होते आणि गहू निवडत होते.

मला रिकामं बसवत नाही. काम करणं म्हणजे खाणं नव्हे, असा मी माझ्यापुरता निकाल दिला आणि लानबाईंच्या पुढ्यातली पाल्याची टोपली ओढून घेतली. कोथिंबीर, पुदिना आणि चक्क तुळशीसारखी पानं. गिऱ्हाइकं ती मूठभर घेऊन रश्श्यात बुडवत होती. तुळस त्या रश्श्यात जाताना मला बघवेना, म्हणून तुळस मी लानबाईंकडे सरकवली आणि कोथिंबीर घेतली. मी देठ टाकत होते, तिनं ते टोपलीतून उचलून परत ठेवले. देठालाच वास असतो, असं काहीतरी तिचं म्हणणं. आमच्याकडे माझ्या सासूबाईही देठ टाकू देत नसत.

दुपारी एक वाजला की ती दोन वाडगे आणून ठेवी. तिचा भरलेला, माझा नुसत्या शेवयांचा. काड्या आडव्या. तीन वाजता मी उठले की मग ती आपला गार वाडगा घेऊन आत जाई. असं रोज. एकदा मी अडीचलाच उठले, तिला भूक लागली असेल म्हणून. हे मी सरोजला सांगितलं नाही.

दशमी

दशमीला सरोज माझ्याबरोबर झऱ्यापर्यंत आली. मी तांब्या भरत होते.

"बाई, हे किती दिवस?"

आमच्याकडे आईला बाई आणि वडिलांना भाऊ म्हणतात. सासूला ती मा म्हणते.

"जायच्या दिवसापर्यंत. लेकीच्या घरचं पाणी पीत नसतात. तुला माहीत आहे."

"दिलेल्या लेकीच्या घरचं," सरोज म्हणाली. "मला कुणी दिलं?"

मी तांब्या कठड्यावर ठेवला.

"तू दिलंस? भाऊंनी दिलं? नोंदणीच्या खोलीत दोन्हीकडच्या माणसांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. माझ्याकडच्या दोन्ही रिकाम्या. मा मिन्हच्या बाजूला बसली होती. तिनं इकडे पाहिलं, उठली आणि माझ्याकडच्या खुर्चीवर येऊन बसली. मग मिन्हकडे कुणीच नव्हतं."

"आधी कळवलं असतंस तर," मी म्हणाले.

"आला असतात?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "नसतो आलो," मी म्हणाले.

ती निघून गेली. मी त्या झऱ्यापाशी बाकावर बसले. पहिल्यांदा राग आला, आईशी असं बोलतात का म्हणून. मग राग ओसरला आणि लाज वाटली. दान केल्यावर त्या घरचं घ्यायचं नाही, हे खरं. पण मी दान केलंच कुठे होतं? तिला आम्ही दिली नव्हती, टाकली होती. आणि टाकून वर दात्याचा तोरा मिरवत, तांब्या पदराखाली धरून, मी रोज त्या बाईच्या दारात उपाशी बसत होते. तिला माझी रीत कळली नव्हती. तिला एवढंच दिसत होतं की सुनेच्या आईला आपलं घर पसंत नाही.

पाणी प्यायचं, तर मुलगी दिलेली नाही हे कबूल करायचं. नाही प्यायचं, तर खोटेपणा चालू ठेवायचा. तासभर बसून माझा निश्चय झाला. दोन्ही करायचं, पण ओळीनं. आधी कबूल करून प्यायचं, मग मुलगी रीतसर द्यायची.

पण गाईच्या रश्श्याला लागलेल्या भांड्यांतलं काही तोंडात घालणं मला शक्य नव्हतं, मग त्या नुसत्या शेवया का असेनात. मी पंचांग काढून पाहिलं आणि नुसताच दिवस मोजत बसले. वाट कशी निघेल ते मला माहीत नव्हतं.

पौर्णिमा

रोज सकाळी लानबाई कांदा आणि आलं विस्तवावर काळं होईपर्यंत भाजत असे. आमच्याकडे काळ्या मसाल्याला भाजतात अगदी तसं. मग दालचिनी, लवंग, धणे, चक्रीफूल. डोळे मिटले तर मी जळगावात असे, फक्त तो दुसरा वास मधे यायचा.

पौर्णिमेला मी दारात पाऊल टाकलं आणि थांबले. मोठ्या हंड्याखाली विस्तव नव्हता. कोपऱ्यातल्या कपाटात कापडात बांधून ठेवलेलं एक पातेलं मी रोज पाहत होते, ते आज चुलीवर होतं. मसाल्याचा वास होता, आल्याचा होता, कांद्याचा नव्हता. वर फळीवर बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे उदबत्ती, केळी आणि लानबाईंच्या नवऱ्याचा फोटो.

"आज काय आहे?" मी सरोजला विचारलं.

"पौर्णिमा. मा पौर्णिमेला मांसाला शिवत नाही. कांदा लसूणही नाही. भांडीसुद्धा वेगळी ठेवते. आज तर बुद्धाची पौर्णिमा, म्हणून दुकानातही तेच."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू कुठे विचारलंस? मला वाटलं, तू तरी कुठे खाणार आहेस."

मी पातेल्यात डोकावले. मुळा, गाजर, कोबी, अळंबी. लानबाई मी काय करते ते पाहत होती. मी तिथून टेबलाशी आले आणि त्या दिवशी खुर्ची भिंतीकडून फिरवून खानावळीकडे तोंड करून बसले.

एक वाजला. दोन वाडगे आले. तिनं काड्या आडव्या ठेवल्या, हात मांडीवर घेतले.

"सरोज, तिला सांग," मी म्हणाले, "सरोजच्या लग्नात दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, त्यातली एक माझी होती. आम्ही मुलगी दिली नाही, म्हणून तुझ्या घरचं न घेण्याचा मला हक्क नाही. मी थोरली आहे, मी सुरू करते."

सरोजला मधेच बोलता येईना. मिन्हनं राहिलेलं सांगितलं, त्याला आमच्या मराठीतलं किती कळलं होतं देव जाणे. मी काड्या उचलल्या. शेवया काड्यांवरून निसटल्या, रश्श्याचे शिंतोडे पातळावर उडाले. दुसऱ्यांदाही निसटल्या. मग मी काड्या बाजूला ठेवल्या आणि उजव्या हातानं शेवयांचा घास घेतला, चटका बसला तरी. आमच्याकडे शेवया म्हणजे दूधसाखर. ह्या खारट होत्या, लिंबाच्या, आल्याच्या, आणि दहा दिवस खाखरे खाल्लेल्या माझ्या पोटात त्या ऊन ऊन उतरल्या तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते मिरचीवर ढकललं.

लानबाईंनी मग काड्या उचलल्या. त्या दिवशी तिचा वाडगा गरम होता. आम्ही दोघींनी तळापर्यंत खाल्लं. मी पेलाभर पाणी मागितलं आणि प्यायले. सरोज फडकं घेऊन आत गेली ती बऱ्याच वेळानं बाहेर आली.

वद्य द्वितीया

निघायच्या दिवशी मी खानावळ उघडायच्या आधी गेले. चौकातल्या झऱ्यावर तांब्या भरून घेतला. देणाऱ्याचं पाणी देणाऱ्याचंच असावं.

"दोन खुर्च्या मांड," मी सरोजला म्हटलं.

एका खुर्चीवर मी बसले. दुसरीवर लोणच्याच्या बरणीचं उपरणं सोडून ठेवलं. त्यावर हाताएवढा तेलाचा डाग पडला होता. कन्यादान एकट्या आईला करता येत नाही, जोडीनंच करायचं असतं. मी उपरण्याचं टोक माझ्या पदराला गाठ मारून बांधलं. सरोज त्या उपरण्याकडे पाहत राहिली, तिनं ते ओळखलं होतं. लहानपणी आखाजीला त्याच उपरण्याची गादी करून ती झोक्यावर बसत असे.

तिचा हात मिन्हच्या हातात दिला. खाली शेवयांचा रिकामा वाडगा धरला आणि दोघांच्या हातांवर तांब्यातली धार सोडली. मंत्र मला येत नव्हते. मी म्हणाले, "ही आमची सरोज. आम्ही दोघांनी तुम्हाला दिली." मग लानबाईंकडे वळून तेच पुन्हा म्हटलं.

निघताना लानबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. लांबचा प्रवास, वाटेत तहान लागेल म्हणून. मी हात जोडले आणि पेला मागे सरकवला. तिचा चेहरा पडला. सरोज मात्र रडता रडता हसायला लागली आणि तिला समजावून सांगू लागली. ऐकता ऐकता लानबाईंच्या कपाळावरची आठी गेली. तिनं मान डोलावली आणि पेल्यातलं पाणी, थोरलीची वाट न पाहता, स्वतःच पिऊन टाकलं.

जळगाव

हे स्टेशनवर आले होते. वाटेत पाऊसपाणी, दुकान, सखूबाईचा गुडघा, सगळं बोलून झालं. घरी आल्यावर ह्यांनी स्वतः माठातून पाणी आणून दिलं, जे लग्नापासून कधी घडलं नव्हतं. मी पिऊन होईपर्यंत उभे राहिले.

"तिथे प्यालीस?"

"पौर्णिमेला प्याले. जेवलेसुद्धा."

ह्यांनी रिकामं भांडं माझ्या हातातून घेतलं.

"आपण दिली नव्हती, म्हणून प्याले. मग दिली. दिल्यावर थेंब घेतला नाही." मी पेटी उघडून उपरणं काढलं. गाठीच्या जागी ते अजून चुरगळलेलं होतं. "दोघांनी द्यावं लागतं. तुम्ही नव्हतात, म्हणून हे बसवलं."

ह्यांनी ते हातात घेतलं. बराच वेळ उलटंसुलटं करून पाहिलं. "लोणच्याचा वास येतो," म्हणाले.

"द्या, धुऊन टाकते."

"नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले. हे गादीवर बसून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला धोतरजोडी दाखवत होते. खांद्यावर तेच उपरणं, डाग वरच्या बाजूला. म्हाताऱ्यानं धोतर पाहायचं सोडून विचारलं, "शेठ, हाऊ डाग कसाना शे?"

"पोरना लगीनमा पडना," हे म्हणाले, आणि पुढची धोतरजोडी उलगडली.